पाल्यासाठी दोन इंजिनं

ऑक्टोबर लागला की सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींना पानगळीचा झटका येतो. इथे पानं गळत नाहीत असं नाही. बारा महिने गळतात, पण ती फुकट गळतात, त्यामुळे त्यांना कोणी विचारत नाही. पान बघायचं तर विमानाने जाऊन बघावं लागतं. संध्या, म्हणजे आमच्याच बुकित बातोकच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहणारी माझी मैत्रीण, दर वर्षी नवऱ्याला घेऊन जपानला जाते आणि लाल झाडाखाली लाल स्टोल गुंडाळून उभी राहते. फोटो काढणाऱ्या नवऱ्याची सावली त्यात नेमकी आलेली असते. खाली लिहिते, ‘निसर्गाची मुक्त उधळण’. मी अंगठा पाठवते. त्याचा काय अर्थ घ्यायचा तो तिने घ्यावा.

यंदा मॉलवाल्यांनीही मनावर घेतलंय. एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, बाहेर पडलं की छताला प्लास्टिकची मेपलची पानं लोंबताना दिसतात आणि त्यांच्याखाली माणसं एअरकंडिशनरमध्ये स्वेटरं चाचपत असतात. बाहेर पाऊल टाकलं की पाठीवरून घामाची धार लागते. खऱ्या पानांचं म्हणाल, तर आमच्या ब्लॉकखाली रेन ट्रीची चिमुकली पानं रात्रभर पडतात, आणि लोक कामाला निघायच्या आत एक माणूस पाठीला ब्लोअर लावून ती सगळी फुंकून कोपऱ्यात नेतो. इथे पडलेल्या पानाला कोणाच्या नजरेला पडायचीही मुभा नाही.

मला पानगळ म्हटलं की लाल-सोनेरी काही आठवत नाही. डिझेलचा धूर आठवतो, काळं पाणी आठवतं आणि माझ्यापेक्षा वयाने मोठी दोन इंजिनं आठवतात. गेल्या ऑक्टोबरात मी इंग्लंडला गेले होते. पानं बघायला नाही. लेकीला परत आणायला.

मुक्ता आमची एकुलती एक. वाढली इथेच, त्यामुळे मराठी बोलते, पण वाक्याच्या शेवटी इथल्या लोकांसारखा ‘ला’ लावते. ‘कळलं ला’, ‘जेवले ला’. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायला ती इंग्लंडला गेली तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो होतो. शिकून झालं की परत यायचं आणि अविनाशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मित्राच्या कंपनीत लागायचं, हे न बोलताच ठरलेलं होतं. एसी ऑफिस, टेबलावर दोन स्क्रीन, घरचा डबा. त्याऐवजी बाईसाहेबांनी कळवलं की उत्तर इंग्लंडमधल्या एका रेल्वे डेपोत काम मिळालंय आणि तिथे ती जुनी डिझेल इंजिनं दुरुस्त करते. अविनाश म्हणाला, करू दे थोडे दिवस हौस. त्याचं हे असंच असतं. पोहता न येणाऱ्या माणसाने नदीत उतरताना विचारलं तरी तो म्हणेल, बघ जमतंय का.

ही इंजिनं कशाला हवीत, तर पाला धुवायला. मला आधी वाटलं मुलगी चेष्टा करतेय. तिकडे म्हणे रुळांच्या दोन्ही बाजूंना झाडांची गर्दी. पानगळीच्या दिवसांत ओली पानं रुळांवर पडतात, त्यांच्यावरून गाड्या जातात, आणि दडपून दडपून त्यांचा एक काळा चिवट थर बसतो, जुन्या तव्यावर करपलेल्या तेलाचा बसतो तसा. त्यावर चाकं घसरतात. ब्रेक लावला तरी गाडी थांबत नाही. म्हणून ते दोन-अडीच महिने एक खास गाडी फिरवतात. मध्ये पाण्याच्या टाक्या, जोरकस फवाऱ्याने रूळ खरवडून काढणारा पंप, मागे चाकांची पकड बसावी म्हणून वाळू मिसळलेली जेली सोडायची सोय, आणि दोन्ही टोकांना एकेक इंजिन. दोन कशाला, तर शेवटच्या स्टेशनावरून परत फिरताना इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यायची यातायात नको. ज्यांनी आगगाडी काढली म्हणून अजून छाती फुगवतात, त्यांची गाडी पाचोळ्यावर घसरते, हे ऐकून मी बँकेतल्या माझ्या टेबलाशी पोट धरून हसले होते. मग लक्षात आलं की तो पाचोळा धुवायला माझीच मुलगी लागणार आहे.

मुक्ता लहान असताना मी तिला शनिवारी मराठीच्या वर्गाला पाठवत असे. तिथून सूचना यायच्या, ‘आपल्या पाल्यास वेळेवर पाठवावे’, ‘आपल्या पाल्याचा गृहपाठ तपासावा’. मुक्ताला वाटायचं, पाल्य आणि पाला एकच. एकदा वर्गात उभं राहून तिने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की मी आई-बाबांचा पाला आहे. सगळ्या आया कौतुकाने हसल्या, आणि त्यानंतर कितीतरी दिवस अविनाश तिला ‘ए पाला’ म्हणून हाका मारायचा. आता म्हणतो, पोरीने तेव्हाच सांगितलं होतं, आपण लक्ष दिलं नाही. त्याला ह्यात विनोद दिसतो. आमचा पाल्य पाल्यात गेला, ह्यात हसण्यासारखं काय आहे हे मला अजून कळलेलं नाही.

मी पोचले तेव्हा पानगळ नुकती भरात येत होती. लोक सांगतात तसा रंगबिंग होता एक-दोन दिवस, नाही म्हणत नाही. मग पाऊस लागला आणि सगळं गाव उकळून गाळलेल्या चहापत्तीसारखं दिसायला लागलं. अशा हवेत मुक्ता मला हट्टाने स्टेशनवर घेऊन गेली, ‘माझी गाडी’ दाखवायला. तिन्हीसांजेची वेळ, बोचरा वारा, आणि फलाटाच्या पार टोकाला पाच-सहा बाप्ये उभे. सगळे अविनाशच्या वयाचे, नाहीतर त्याहून मोठे. गळ्यात कॅमेरे, हातात थर्मास, नाकाचे शेंडे लालभडक. मला वाटलं कोणी मंत्रीबिंत्री येणार असेल. हे इंजिनांची वाट बघत होते. मुक्ता म्हणाली, हे दर वर्षी येतात, कुठलं इंजिन कधी कुठल्या शेडला होतं, कधी त्याचा रंग बदलला, सगळं ह्यांना तोंडपाठ असतं. घरी बायकोचा वाढदिवस कधी असतो ते ह्यातल्या किती जणांना पाठ असेल, हे मी विचारलं नाही. त्यांतल्या एकाने मला आदराने विचारलं की सिंगापुरात कसली इंजिनं असतात. मी सांगितलं, आमच्याकडे ड्रायव्हर नसलेल्या गाड्या असतात आणि त्या वेळेवर येतात. त्याने माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मला चीड आली.

मग ती आली. आधी पायाखालचा फलाट थरथरला, मग गुरगुर ऐकू आली. पुढे बसकं नाकाड, पिवळं तोंड, अंगावरचे पोपडे रंगाने झाकलेले, आणि डोक्यातून धूर. इंजिन अशा थाटात येत होतं की जणू वरात घेऊन चाललंय. चाकांखालून पांढरं पाणी उसळलं, कुजक्या पानांचा आणि डिझेलचा एकत्र वास आला. सगळे दोन पावलं मागे सरकले. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या नव्या कोटावर काळ्या शिंतोड्यांची नक्षी उठली. मी ओरडणार, तेवढ्यात माझं लक्ष त्या बाप्यांकडे गेलं. दोघा-तिघांनी कॅमेरे खाली घेतले होते आणि ते डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. शेजारी बघते तर मुक्ताचेही डोळे मिटलेले. अशा वेळी आईला काय वाटायला हवं मला ठाऊक नाही. मला तिच्या कानशिलात द्यावीशी वाटली.

गाडी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, मागच्या इंजिनाचा आवाज बरोबर नाहीये.

माझं भाषण तयार होतं. विमानातच तयार केलं होतं. बाबांचं वय झालं, मित्र किती दिवस जागा अडवून ठेवणार, इथल्या थंडीत तुझे सर्दीचे हाल, वगैरे. पण ते काढायला संध्याकाळ मोकळी मिळेना. मुक्ता यायची ती कोपरापर्यंत काळी होऊन. मोरीशी उभी राहून साखर आणि भांड्यांचा साबण हातावर घेऊन खसाखसा चोळायची, तरी नखांतलं काळं जायचं नाही. लहानपणी ह्याच नखांना मी मेंदी लावून देत असे. मग मी केलेला वरणभात समोर घ्यायची आणि जेवताना इंजिनांबद्दल बोलायची. लग्नाबद्दल, एखाद्या मुलाबद्दल बोलली असती तर मी ऐकून तरी घेतलं असतं.

एका संध्याकाळी म्हणाली, “आई, वर्षभर ह्यांना कोणी विचारत नाही ला. बाजूच्या रुळावर गंजत पडलेली असतात. आणि पानं पडायला लागली की हीच लागतात. तेवढे दिवस ही बंद पडून चालत नाही.”

“म्हाताऱ्यांचीच सेवा करायची होती,” मी म्हटलं, “तर सांगलीला तुझी आजी काय वाईट होती?”

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला. पाठ दगडासारखी झाली होती, जड उचलून उचलून. भाषण राहिलं ते राहिलंच.

मी तिथे असतानाच दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा होते. अविनाशचा लॅपटॉप, माझा कॅल्क्युलेटर, पूर्वी मुक्ताची कंपासपेटी. मी म्हटलं, आण तुझे ते नट पिळायचे पाने घरी, हळदकुंकू वाहते. ती म्हणाली पाने घरी आणायची परवानगी नसते, तूच डेपोत चल. मनात आलं, चला, हेही बघून घेऊ. झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटातून पिवळी शेवंती घेतली. आपट्याची पानं मात्र खरी होती, सांगलीहून वहिनीने पाठवलेली, वाळलेली. डेपोत मला पिवळं जाकीट आणि हेल्मेट घालायला लावलं. पंजाबी ड्रेसवर ते ध्यान काय दिसत असेल ते दिसो. मुक्ताच्या पान्यांना हळदकुंकू लावलं, इंजिनाच्या त्या बसक्या नाकावर कुंकवाचं बोट ओढलं, शेवंती ठेवली, आणि ओल्या कुंकवाने आपट्याचं पान छान चिकटवून दिलं. हात जोडले.

मागे सगळा डेपो जमला होता. मुक्ताचा फोरमन ट्रेव्हर, सुटलेल्या पोटाचा साठीचा माणूस, पुढे आला आणि अतिशय सभ्यपणे त्याने विचारलं की हे काय आहे. मुक्ताने सांगितलं की हे पान आहे, आज आम्ही ते सोनं म्हणून एकमेकांना देतो. ट्रेव्हरने पानाकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि जवळच्या खोक्यावर बसून तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याचं म्हणणं असं, की लोखंडावरून पान काढायला अख्खा डेपो उन्हाळ्यापासून राबतोय, आणि ही बाई अर्धं जग ओलांडून आली ती लोखंडाला पान चिकटवायला. सगळे हसले. मुक्ताही हसली. माझं तोंड एवढंसं झालं.

फुलं आणि कुंकू राहू द्या, पण पान रुळाजवळ जाऊ द्यायचं नाही, असं म्हणून ट्रेव्हरने ते अलगद सोडवलं आणि आत ड्रायव्हरच्या खिडकीवर चिकटपट्टीने लावून टाकलं. आम्ही जे कपाळाला लावतो, ते खरवडायला ह्यांना दोन इंजिनं लागतात. एवढ्याशा पानाचा इतका धसका घेणाऱ्या त्या लोकांची मला मनापासून कीव आली.

कीव फार टिकली नाही. त्या आठवड्यात मागच्या इंजिनाने अखेर मान टाकली. मुक्ताची गाडी डेपोतून निघालीच नाही, आणि मुक्ता घरी फक्त झोपण्यापुरती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गाडीने पलीकडच्या गावाला निघाले होते, जरा बाजार बघावा म्हणून. डबा अर्धा रिकामा. समोर एक आजीबाई विणत बसलेली. उतार लागला, स्टेशन जवळ आलं, ड्रायव्हरने ब्रेक लावल्याचं जाणवलं, आणि मग काहीच जाणवेना. आवाज बंद. चाकं फिरायची थांबलेली आणि गाडी मात्र चाललेली. मी कृष्णाकाठची आहे. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला की पडायच्या आधी एक क्षण असा येतो की आपलं काहीच आपल्या हातात नसतं. इथे तो क्षण संपतच नव्हता. खिडकीतून फलाट आला, फलाटावरची माणसं आली, बाबागाडी धरलेली एक बाई आली, सगळे एकेक करून मागे गेले. फलाट संपला. पुढे किती तरी अंतरावर, एका पुलाखाली, गाडी एकदाची उभी राहिली.

स्पीकरवरून ड्रायव्हरने सांगितलं, पानांमुळे असं झालं, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि लोक हसले. ‘पानं म्हणे,’ असं काहीतरी बोलून एकाने पेपर झटकला. आजीबाईंनी वीण मोजायला घेतली. मी त्या सगळ्यांकडे बघत राहिले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही माणसं रोज ह्या उतारावरून जातात आणि रोज त्यांची गाडी फलाटाला थांबते. ती का थांबते, कोणाच्या नखांत काळं गेल्यामुळे थांबते, हे ह्यांच्या गावीही नाही. न थांबली तर विनोद करतात. इतकी बेअक्कल माणसं मी जन्मात पाहिली नव्हती.

मुक्ताला मी हे सांगितलं नाही. ती त्या दिवशी संध्याकाळी इंजिन उठवूनच परत आली. जेवायला बसली ती ताटावरच पेंगायला लागली. आठवड्याने मी सिंगापूरला परतले, एकटी. अविनाश विमानतळावर आला होता. त्याने माझ्यामागे बघितलं, जणू ती पिशव्या घेऊन मागून येणार होती. मी म्हटलं, बोलायला तिला वेळच नव्हता. तो माझी बॅग उचलून टॅक्सीच्या रांगेकडे चालू लागला.

यंदाचा दसरा इथल्या मराठी मंडळात झाला. आपट्याची पानं इथे कुठून मिळणार, आणि बागेतल्या झाडाला हात लावला तर दंड. म्हणून सोनेरी कागदाची कापलेली पानं वाटतात. बायका नटून येतात, एकमेकींच्या हातावर कागद ठेवतात आणि ‘सोन्यासारख्या राहा’ म्हणतात. एकीने विचारलं, मुक्ता काय करते हल्ली? मी म्हटलं, रेल्वेत असते. अय्या, बुलेट ट्रेन का? नाही, मी म्हटलं, पाला धुते. सगळ्या खळखळून हसल्या. संध्या म्हणाली, तुझं आपलं काहीतरीच असतं. पानांच्या फोटोसाठी विमानाने जाणाऱ्या बायका त्या, त्यांना आणखी काय सांगायचं. मी बटाटेवडा घेतला आणि कोपऱ्यात जाऊन खाल्ला. बरा होता.

त्याआधीपासूनच घरात वातावरण तंग होतं. मुक्ताच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. डेपोवाले तिला कायमचं घ्यायला तयार होते, सही केली की झालं. इकडे अविनाशच्या मित्राने निरोप दिला होता की जागा अजून आहे, पण आता हो की नाही ते कळवा. अविनाशने मला न विचारता तिच्या खोलीतला एसी बदलून घेतला. रोज संध्याकाळी कामावरून आला की विचारायचा, काही कळलं का. दोन वेळा मला तो तिच्या खोलीत नुसता एसी लावून उभा दिसला.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. तिकडे जेवणाची सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात, अविनाश बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. इकडचं तिकडचं काही न बोलता ती सरळ म्हणाली, “आई, दोन्हीकडे उद्या सांगायचंय. मला ठरवता येत नाहीये. तू सांग. तू म्हणशील ते करीन.”

ह्या मुलीने आजवर मला कधी काही विचारलं नव्हतं. केस कापताना नाही, कॉलेज निवडताना नाही, डेपोत लागताना नाही. आणि आता विचारत होती, खरोखर विचारत होती, आवाजावरून कळत होतं. गेल्या ऑक्टोबरातलं भाषण माझ्या जिभेवर होतं. भाषणाचीही गरज नव्हती, ‘ये’ एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. मला ती घरी हवी होती. तिची एसीतली सर्दी, तिचे दारात काढलेले बूट, तिचं ते ‘ला’, सगळं मला ह्या घरात हवं होतं. इतकं हवं होतं की मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

फोनवर तिच्या मागे घरघर ऐकू येत होती. मी विचारलं, “इंजिन चालू आहे का मागे?”

“हो. चार वाजता निघायचंय. रात्री वारा सुटला होता, पानं खूप पडलीयेत.”

“मग माझ्याशी काय बोलत बसलीस? सही कर आणि कामाला लाग.”

मग ती “आई” म्हणाली आणि मी फोन बंद केला. पुढे माझ्याच्याने बोलवलं नसतं.

अविनाश दारात येऊन उभा होता. टीव्हीचा आवाज त्याने कधी बंद केला मला कळलं नव्हतं.

“काय म्हणाली?”

“येत नाहीये.”

त्याने हातातला रिमोट ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, “तू तिला नीट सांगितलं होतंस ना?”

“हो,” मी म्हटलं. “नीट सांगितलं.”